पापणी उलटवून पाहिली का?

डोळ्यात काहीतरी गेलंय, सारखं सलतंय, पण आरशात काहीच दिसत नाही. घरच्यांना दाखवलं तर तेही म्हणतात, "थोडा लाल झालाय, बाकी काही नाही." अशी तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यात बाहेरून खरोखरच काही गेलेलं नसतं. खुपणारा कण त्यांच्याच पापणीच्या आत तयार झालेला असतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचा अनुभव म्हणूनच इथे सांगायला हवा. गव्हाच्या मळणीच्या दिवसांत त्यांचा उजवा डोळा खुपायला लागला. कुसळ गेलं असणार, ही सगळ्यांची समजूत. नळाखाली डोळा धुऊन झाला, पदराचा बोळा करून फुंकर मारून शेकून झालं, गुलाबपाणी घालून झालं. मग मेडिकलमधून थेंबांची बाटली आली. "थेंब घातले की लाली जायची, म्हणून औषध लागू पडतंय असं वाटायचं," बाई सांगतात. "पण डोळ्याची उघडझाप केली की टोचणं तसंच. बाटली संपली की पुन्हा तीच आणायची."

त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. लाली ते झटकन उतरवतं, आणि धोका तिथेच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे थेंब बरेच दिवस चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर धरू शकतो, आणि जंतूंचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो बळावतो. चिठ्ठीशिवाय ही बाटली मागणं आणि देणं, दोन्ही बंद व्हायला हवं. डोळ्याच्या बाबतीत इतकी बेफिकिरी परवडणारी नाही.

शेवटी तालुक्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांकडे जाणं झालं. डॉक्टरांनी फ्लुरोसीनची नारिंगी पट्टी खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवली आणि स्लिट लॅम्पच्या निळ्या उजेडात बुबुळ पाहिलं. त्यावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, बारीक उभे ओरखडे हिरवे चमकत होते. हे ओरखडे उभे असणं फार बोलकं असतं. पापणी वर-खाली होते, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला काही टोकदार असेल तर ते त्याच दिशेने खरवडत जाणार. "मावशी, खाली बघा, पायांकडे," असं म्हणत डॉक्टरांनी वरच्या पापणीचे केस धरले, वरून इअरबड टेकवला आणि पापणी उलटवली. गुलाबी अस्तरात पिवळट पांढरे ठिपके होते. बहुतेक अस्तराखाली दबलेले. एक मात्र अस्तर फोडून वर आला होता, खसखशीच्या दाण्याएवढा.

यांना कॉन्क्रिशन म्हणतात. पापणीच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात; झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव त्यांत अडकून घट्ट होतात, आणि काहींमध्ये पुढे कॅल्शियम साचून ते कडक होतात. वाढतं वय, जुनी ॲलर्जी, वारंवार डोळे येणं, कोरडेपणा, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथींचा दाह असलेल्या डोळ्यांत हे जास्त आढळतात. लहानपणी खुपऱ्या (ट्रॅकोमा) झालेल्या म्हाताऱ्या माणसांतही दिसतात. खुपऱ्यांविरुद्ध देशात 1963 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा आजार हटल्याचं जाहीर केलं. तरी जुन्या पिढीच्या पापण्यांत त्याचे व्रण आहेत, काहींच्या पापणीचे केस आत वळलेले आहेत, आणि तेही असेच टोचतात. आजी-आजोबांची तपासणी करताना लहानपणीच्या खुपऱ्यांचा उल्लेख डॉक्टरांपाशी जरूर करावा.

"कॅल्शियम" हा शब्द कानावर पडताच शेजारणीने बाईंना दूध आणि हाडांसाठीच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. डॉक्टरांनी ते साफ खोडून काढलं. या कणांचा खाण्यातल्या कॅल्शियमशी संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर पारपटलावर त्याचा पट्टा साचू शकतो, पण तो वेगळा आजार. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने डोळ्यापायी गोळ्या सोडणं म्हणजे एक दुखणं असताना दुसरं ओढवून घेणं.

दबलेले कण बहुधा कसलाच त्रास देत नाहीत. त्यांना हात लावायची गरज नसते. उगाच उकरले तर व्रणच राहतो. वर आलेला कण काढणं हे मात्र दवाखान्यातलं पाच-दहा मिनिटांचं काम. थेंबांनी डोळा बधिर करतात, स्लिट लॅम्पखाली बारीक सुईच्या टोकाने कण अलगद उचलतात. रक्ताचा एखादा थेंब येतो, पुढे काही दिवस प्रतिजैविकाचे थेंब घालावे लागतात. "सुई दिसली तेव्हा धस्स झालं, पण दुखलं काहीच नाही," बाई म्हणतात. "आणि नंतर पापणी मिटली तर नुसती मिटली, टोचलं नाही." घरी कुणी टाचणीने किंवा चिमट्याने हा प्रयोग करू नये, पारपटलाला जखम झाली तर दृष्टीवर बेतू शकतं.

कण पुन्हा होऊ शकतात, म्हणून मुळातला दाह आवरायचा. तेलग्रंथी तुंबल्या असतील तर स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून मिटलेल्या पापण्यांवर ठेवावं, मग पापण्यांची कड हलक्या हाताने पुसावी. कोरडेपणाला डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब. डोळे चोळायची सवय सोडावी, सुरमा तर नकोच. त्यात शिसं असू शकतं. खुपत असताना कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये.

डोळा फार दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल, बुबुळावर पांढरा डाग किंवा पू दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शेतात काम करताना पान, काडी, तूस लागल्यावर हे झालं असेल तर जास्तच घाई करावी, कारण बुरशीचा संसर्ग अशाच जखमेतून होतो. आणि पापणीतली पिवळसर गाठ वाढत असेल, तिथले केस झडत असतील किंवा काढलेली गाठ त्याच जागी परत आली असेल, तर तिला असाच कण किंवा रांजणवाडी समजून थांबू नये. क्वचित तो तेलग्रंथीचा कर्करोग असतो, आणि तुकडा तपासल्याशिवाय त्याचं निदान पक्कं होत नाही.