आधी फाटे तपासा, मग पत्र्याचा भाव विचारा

सिरोंचा तालुक्यात छपराचा विषय बहुतेक घरांत चुकीच्या महिन्यात निघतो. वैशाखात वावटळ येते, पाख्यावरचे कवेलू सरकतात, मृग तोंडावर असतो आणि मग मेस्त्रीची शोधाशोध सुरू होते. नेमकं तेव्हाच गावात माणूस नसतो. जानेवारीनंतर पुष्कळ मजूर मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणात जातात, परतले की मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. मागे उरलेला एखादा मेस्त्री म्हणेल तो दर. छपराचं काम धान कापून चुरणं आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषात काढावं. तेव्हा हात मोकळे असतात, लाकूड कोरडं असतं आणि दोन मेस्त्र्यांकडून भाव घ्यायला सवड मिळते.

दुसरी अडचण अशी की छप्पर हा आपल्याकडे एका माणसाचा धंदा नाही. कवेलू फेरणारे वेगळे, फाटे-म्याल बघणारा सुतार वेगळा, लोखंडी पाइप जोडून पत्रे ठोकणारा वेल्डर वेगळा, स्लॅब टाकणारा गवंडी वेगळा. ज्याला विचाराल तो आपलंच काम सुचवणार. वेल्डरला विचारलंत तर तो पत्रेच सांगेल, त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही, त्याला तेवढंच येतं. म्हणून कोणाला बोलवायचं हे ठरवण्याआधी घराला काय झालंय ते स्वतः बघावं. एक सकाळ पुरते.

भरदुपारी घरात दारं लावून उभे राहा आणि वर बघा. कवेलूंच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसले तर घाबरायचं कारण नाही. माकडं उड्या मारतात, वारा हलवतो, कवेलू सरकतात. हे फेरणीचं काम आहे, छप्पर बदलण्याचं नाही. गळती एकाच जागी असेल तर बहुधा फुटलेला कवेलू किंवा आढ्यावरचा निखळलेला कोन हेच कारण निघतं. कवेलूच्या छपराचा मोठा गुण हाच की फुटला तेवढाच बदलता येतो.

मग बाहेर या, घरापासून लांब जा आणि आढ्याची रेघ बघा. ती सरळ असली तर निम्मी काळजी मिटली. मधोमध झोळ पडला असेल तर दोष कवेलूत नसून लाकडात आहे. वरून कितीही नवे कवेलू घाला, दोन पावसाळ्यांत पुन्हा गळेल. आता शिडी लावून फाट्यांची टोकं तपासा, विशेषतः वळचणीची, कारण पाणी तिथेच मुरतं. विळ्याचं टोक किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. निब्बर लाकडात तो शिरत नाही, कुजलेल्यात बोटभर जातो. ठोकून पोकळ आवाज आला, भिंतीवरून उधळीच्या मातीची नळी वर चढलेली दिसली, खाली भुंग्याचा पिवळा भुसा पडलेला दिसला, तर त्या फाट्यावर खडूने फुली मारा. शेवटी फुल्या मोजा. चार-पाच असतील तर सुतार तेवढेच फाटे बदलून देईल. नुसती टोकं गेली असतील तर जोड देऊनही भागतं. निम्म्याहून जास्त फाट्यांवर फुल्या असतील किंवा म्यालच गेला असेल, तर सगळं छप्पर उतरवायला पर्याय नाही.

भिंत मात्र विसरू नका. जुलै २०२२ मध्ये मेडिगड्डा बॅरेजचे सगळे ८५ दरवाजे उघडे असताना गोदावरी-प्राणहितेचं पाणी काठच्या गावांत शिरलं. अशा पुरात भिजलेली मातीची भिंत वाळल्यावर वरून धड दिसते, पण पायाशी तिचा जोर गेलेला असतो. म्याल जिथे भिंतीवर टेकतो त्याखाली उभी भेग असेल, किंवा भिंत ओळंब्यात नसेल, तर आधी भिंत. छपरावर खर्च करून मग भिंतीला हात घातला तर छप्पर दोनदा उतरवावं लागतं, आणि दुसऱ्यांदाचे पैसे कोणी परत देत नाही.

पत्र्याच्या घरात वेगळं बघायचं. गंज फक्त स्क्रूच्या भोकांभोवती असेल तर वायसर कडक झालेत, स्क्रू आणि वायसर बदलले की काम होतं. पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाच्या आत गंज पसरला असेल तर तो पत्रा गेला, रंग लावून उपयोग नाही. सिमेंटच्या पत्र्यांची कड भुगा होऊ लागली की ते बदला, पण ते तोडू-फोडू देऊ नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सरपर्यंत नेते. पाणी मारून, अख्खा पत्रा उतरवायचा. त्यावर पाय द्यायचा तर आडवी फळी टाकून, कारण असा पत्रा न सांगता तुटतो. स्लॅबबद्दल एवढंच: पोपडा पडून आतली सळई दिसू लागली असेल तर गवंड्याच्या गिलाव्यावर भागवू नका, इंजिनीअरला दाखवा.

आता पैशाकडे. एक घर धरू: लांबी २४ फूट, रुंदी १६ फूट, दोन पाख्यांचं. जमीन झाली ३८४ चौरस फूट. पण वळचण दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर, दोन्ही टोकांना एक-एक फूट आणि उतार ३० अंशाचा धरला, तर छप्पर भरतं सुमारे ६०० चौरस फूट, म्हणजे सहा ब्रास. मेस्त्रीने ‘फुटाला इतके’ म्हटलं की कोणत्या फुटाला, जमिनीच्या की छपराच्या, हे तिथल्या तिथे विचारा. भांडणं निम्मी इथूनच निघतात.

या छपरावर इंग्रजी कवेलू लागतील नऊशेच्या आसपास, फूटतूट धरून. वजन दोन टनांच्या वर. तेच पत्रे घातले तर १२ फुटी रंगीत पत्रे १६, म्हणजे एका पाख्याला आठ. अर्धा मिलिमीटर जाडीचा असा एक पत्रा साधारण साडेसतरा किलो भरतो, सोळांचे २८० किलो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुकानातली फसवणूक जाडीत होते. ‘पॉइंट पाच’ म्हणून ‘पॉइंट चार’चा पत्रा दिला तर डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो: तो १४ किलोच भरेल. किलोला ९० रुपये भाव धरला तर सोळा पत्र्यांत पाच हजारांचा फरक पडतो. म्हणून पत्रे नगावर न घेता वजनावर घ्या, आणि गाडीत चढवण्याआधी एक पत्रा काट्यावर ठेवा. नुसता जस्ताचा पत्रा असेल तर आयएस २७७ आणि रंगीत असेल तर आयएस १४२४६ ही खूण बघा. जस्ताचा थर किती ग्रॅमचा तेही विचारा. चौरस मीटरला १२० ग्रॅमचा पत्रा स्वस्त पडतो, २७५ ग्रॅमचा कितीतरी जास्त पावसाळे काढतो. स्वयंपाकघराच्या धुराखाली आणि गोठ्यावर स्वस्तातला घेऊ नये.

खर्चाची मांडणी अशी होईल. भाव मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या चिठ्ठीतले भाव त्या जागी घाला. पत्रे २५,२०० रुपये. लोखंडी सांगाडा ३०० किलो, ८० रुपयांनी २४,०००. आढ्याचे कोन आणि साडेतीनशेच्या घरात स्क्रू मिळून ४,०००. मजुरी १०,०००. बेरीज ६३,२००, वाहतूक वेगळी. आणि फेरणी? चार माणसं तीन दिवस, ५०० रुपये रोज, म्हणजे ६,००० रुपये, वर लागतील तेवढे नवे कवेलू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती, छपरावर चढणारा माणूस त्याहून बराच जास्त मागतो आणि त्याने मागावंच.

म्हणजे एका पत्र्याच्या छपराच्या पैशांत दहा फेरण्या होतात. फाटे धड असताना ‘कटकट नको’ म्हणून कवेलू उतरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. कटकट खरी आहे, नाकारत नाही. माकडं आहेत, फेरणारी जाणती माणसं कमी होत चालली आहेत, जवळपास गावठी कवेलूची भट्टी लावणारा कुंभार सापडत नाही. पण सिरोंच्याचा मे महिना उघड्या पत्र्याखाली काढणं ही त्याहून मोठी कटकट आहे. पत्रेच घालायचे तर आतून बांबूच्या चटईचं किंवा फळ्यांचं छत आणि वरची गरम हवा जायला आढ्याखाली झरोका, हा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. नंतर करू म्हटलं की तो राहतोच. फिकट रंगाचा पत्रा गडद रंगापेक्षा कमी तापतो, तेवढं तर फुकट आहे.

उतरवलेल्या सागवानाचं काय? ‘जुनं लाकूड आम्हीच घेऊन जातो, मजुरीतून वजा करू’ असं मेस्त्री म्हणाला तर होकार देऊ नका. इथलं जुनं, मुरलेलं सागवान आज विकत घ्यायला जाल तेव्हा त्याची किंमत कळेल. चांगले फाटे वेगळे काढून मोजून ठेवा. विकायचे किंवा दुसऱ्या गावी न्यायचे असतील तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा, घरातून निघालेलं लाकूड असलं तरी. आणि नदीकाठाने रात्री येणारं स्वस्त सागवान कोणी देऊ केलं तर त्याच्या वाटेला जाऊ नये. पावती नसलेलं लाकूड घरावर चढवलं की भारतीय वन कायदा, १९२७ खालचं प्रकरण घरमालकावर येतं, विकणारा नामानिराळा राहतो.

सरकारी पैशाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. वादळात किंवा पुरात पडझड झाली तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि तोवर फोटो काढल्याशिवाय काही हलवू नका. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निकषांत कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ४,००० रुपये, पक्क्या घराला ६,५०० आणि गोठ्याला ३,००० अशी मदत होती. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये. चार हजारांत फेरणीसुद्धा पुरी होत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलंच. ग्रामीण घरकुल योजनेत सपाट भागासाठी १,२०,००० आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी १,३०,००० रुपये हा केंद्राचा मूळ आकडा आहे, आणि बांधकामाला रोजगार हमीचे दिवस वेगळे. यादीत नाव असेल तर मंजुरीआधी मोठा खर्च करून नवं छप्पर घालू नका. जुन्या घराचा जागेच्या नोंदीसह फोटो घेतला जातो, त्यात चकाकते पत्रे दिसले तर प्रश्न निघतात. सिरोंचा शहरात नगरपंचायत आहे, तिथल्या लोकांनी शहरी योजनेची चौकशी तिथेच करावी. आणखी एक, कवेलूचं घर स्लॅबचं झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली नोंद बदलते आणि घरपट्टी वाढते.

मेस्त्री ठरवताना त्याने मागच्या दोन-तीन पावसाळ्यांआधी घातलेली छपरं बघायला जा, या वर्षीची नको. नवं छप्पर कोणाचंही गळत नाही. घरमालकिणीला विचारा, भांडी कुठे ठेवावी लागतात ते तिलाच माहीत असतं. मग चिठ्ठी करा. आपल्याकडे मेस्त्री अनेकदा मंचेरियाल किंवा भूपालपल्लीकडचा असतो आणि चिठ्ठी तेलुगूत लिहितो. लिहू द्या, पण आपल्याला वाचता येईल अशी मराठी प्रत करून दोघांनी सही करा. तीत छपराचे चौरस फूट, पत्र्याची जाडी आणि वजन, पत्र्यावर पत्रा किती इंच चढवणार (लांबीत किमान सहा इंच), स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारणार, जुनं छप्पर उतरवण्याची मजुरी धरली की नाही, वाहतुकीतली फूटतूट कोणाची, हे सगळं यावं. आलापल्लीकडून येणाऱ्या गाडीत कवेलू किती फुटतात हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको.

माल शक्यतो स्वतः घ्या आणि मेस्त्रीला फक्त मजुरी द्या. इसार म्हणून चौथा हिस्सा पुरे. सांगाडा उभा राहिल्यावर दुसरा हप्ता, पत्रे चढल्यावर तिसरा. पौषात काम केलं तर पाऊस यायला वेळ असतो, म्हणून आढ्यावरून आणि प्रत्येक जोडावरून बादल्यांनी पाणी ओतून बघा. दहावा हिस्सा मृगानंतर देण्याचं चिठ्ठीतच लिहा. खरा कारागीर या अटीला कुरकुरेल, पण नाही म्हणणार नाही. मजुरांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का तेही विचारून घ्या. वर्षात ९० दिवस काम केलेल्याला ती करता येते, आणि छपरावरून पडून मेलेल्या नोंदणीकृत कामगाराच्या वारसांना पाच लाखांची मदत मिळू शकते.

मंचेरियालच्या दुकानातून पत्रे आणले आणि ते कमी जाडीचे निघाले तर दाद मागायला तेलंगणात जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी गडचिरोलीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, आणि प्रकरण वाढलंच तर ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करा. सोबत लागेल पक्कं बिल, ज्यावर जाडी आणि वजन दोन्ही लिहिलेलं असेल. कच्च्या चिठ्ठीवर जीएसटी वाचवणाऱ्याकडे हा कागद नसतो.