तळ्याचा शिरस्ता

आमच्या सातारा जिल्ह्यातील नदीकाठच्या मुलांना पाण्याचे भय फारसे ठाऊक नसते. कृष्णेच्या डोहात उड्या मारीतच ती लहानाची मोठी होतात. माझा भाचा त्यांतलाच. सातव्या वर्षी तो पोहू लागला आणि बाराव्या वर्षी कोणासही न सांगता नदीचे पात्र ओलांडून परत आला. (हे मला पुष्कळ उशिरा कळले, नाही तर त्याची धडगत नव्हती.) काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही सहकुटुंब नैनितालला गेलो, तेव्हा तळ्यात होडीतून फिरण्याची सर्वांत अधिक उत्सुकता त्यालाच होती.

नैनिताल हे उत्तराखंड राज्यातील कुमाऊँ भागात, समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरांहूनही अधिक उंचीवर आहे. चहूंकडून डोंगरांनी वेढलेले ते तळे लांबीला दीड किलोमीटरच्या आतबाहेर असून त्याची खोली काही ठिकाणी २७ मीटरांपर्यंत जाते. त्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल व खालच्या टोकाला तल्लीताल म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे ऊन नुकतेच डोंगरावरून खाली उतरले होते, आणि देवदारांची सावली पडून अर्धे पाणी हिरवे व अर्धे रुपेरी दिसत होते.

घाटावर अनेक रंगीत होड्या बांधून ठेवल्या होत्या. आमचा नावाडी साठीच्या घरातला, कानटोपी घातलेला एक शांत गृहस्थ होता. त्याने प्रथम आमची डोकी मोजली आणि माझी बहीण व तिचे यजमान यांना मागच्या होडीत बसावयास सांगितले. "थोडे दाटीवाटीने बसलो तर चालणार नाही का?" असे मी विचारले. तो हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, दाटी तुम्हांला चालेल, होडीला चालणार नाही."

नंतर त्याने प्रत्येकाच्या हाती एकेक लाइफ जॅकेट दिले. भाच्याने ते बाजूला ठेवले.

"मामा, मला पोहता येते की!"

नावाड्याने ते ऐकले व त्याचा अर्थ ओळखला. "बेटा, तू कोठे पोहतोस?"

"कृष्णा नदीत."

"मग कृष्णेत हे घालू नकोस. येथे मात्र घालावे लागेल. आणि आधी जरा हात बुडवून पाहा."

भाच्याने मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. त्याने जेमतेम वीस अंक मोजले असतील; तो हात बाहेर काढून काखेत दाबून बसला. बोटे लाल झाली होती व नीट मिटत नव्हती. मग त्याने निमूटपणे जाकीट अंगात चढविले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावयास हवी, कारण पट्टीचे पोहणारेच तिच्याविषयी बहुधा अज्ञानी असतात. अतिशय थंड पाण्यात माणूस एकाएकी पडला, की त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचा श्वास जोराने आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर हवेऐवजी पाणीच आत जाते. यातून जो सावरतो, त्याच्याही हातापायांचे स्नायू काही मिनिटांत बधिर होऊ लागतात. मग पोहण्याची विद्या मस्तकात असते, पण हातांपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी जाकीट माणसाला पाण्यावर तरंगत ठेवते व मदत येईतो अवधी मिळवून देते. त्याचे पट्टे मात्र नीट आवळलेले असावेत; सैल जाकीट वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटतो.

होडी तळ्याच्या मध्यावर आली. वल्ह्यांचा मंद आवाज, दूर नैनादेवीच्या मंदिरातील घंटा आणि वर निळे आकाश! भाचा या शोभेने भारावून गेला. छायाचित्र काढण्यासाठी तो एकदम उभा राहिला. काय दिसते हे पाहण्यासाठी त्याची बहीण त्याच अंगाला वाकली. होडी कलली. तो पडेल या भीतीने त्याला धरावयास मीही त्याच बाजूस झुकलो. पस्तीस वर्षे शाळेत मुलांना तरफेचे नियम शिकविलेल्या मास्तराचे हे शहाणपण! होडीचा काठ पाण्याला टेकला आणि थंडगार पाणी आमच्या पायांशी आले.

"बसा! जागच्या जागी, खाली बसा!" इतका मोठा आवाज त्या शांत माणसाच्या कंठातून निघेल असे वाटले नव्हते. आम्ही मटकन खाली बसलो. त्याने दोन्ही वल्ही पाण्यावर आडवी पसरून धरली. होडी दोन-तीनदा डोलली आणि स्थिर झाली. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. भाचीने माझा कोट दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

होडी का कलते हे आपण सर्व जाणतो. माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचे वजन खाली, पाण्याच्या जवळ राहते. तो उभा राहिला की तेच वजन उंचावर जाते, आणि जरासा झोकही होडीला फिरविण्यास पुरेसा होतो. त्यात सर्वजण एकाच बाजूस गेले, तर मोठी नौकाही टिकत नाही. केरळात थेक्कडी येथे पेरियार नावाचे सरोवर आहे. १८९५ मध्ये पुऱ्या झालेल्या धरणामुळे ते निर्माण झाले. बुडालेल्या वृक्षांचे वठलेले बुंधे आजही त्याच्या पाण्यातून वर डोकावतात. काठावरील अरण्यात हत्ती, गवे पाण्यावर येतात व ते पाहण्यास देशभरातून लोक जातात. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेथे एक दुमजली नौका उलटली आणि ४५ माणसे बुडून मेली. त्यांतील बहुतेक परप्रांतांतून सहलीस आलेली होती. काठावर जनावरे दिसताच प्रवासी ती पाहण्यास एका बाजूला धावले, असे वाचलेल्यांनी सांगितले. नौकेच्या बांधणीत दोष होते हेही पुढे चौकशीत निघाले; सारा दोष प्रवाशांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु जाकिटे अंगात असती, तर त्यांतील किती जण घरी परतले असते! त्यानंतर तेथे जाकीट घातल्याशिवाय नौकेत बसू देत नाहीत. जेथे जेथे असा नियम दिसतो, तेथे तेथे त्याच्यामागे बहुधा एखादा असा दिवस असतो.

आमची भीती ओसरावी म्हणून की काय, नावाड्याने एक जुनी गोष्ट काढली. १८४१ साली शहाजहानपूरचा बॅरन नावाचा एक इंग्रज साखरव्यापारी फिरत फिरत येथे आला. हे स्थळ त्याला इतके आवडले, की पुढच्या वर्षी तो एक होडीच डोंगरावर घेऊन आला. ही जमीन नरसिंह नावाच्या स्थानिक जमीनदाराची होती. सांगतात की, बॅरनने त्याला गोडीगुलाबीने होडीत बसविले, भर तळ्यात नेले आणि, "आता हक्क सोडल्याचे लिहून दे, नाही तर पाण्यात ढकलतो," असे धमकावले. बिचाऱ्याला पोहता येत नव्हते. त्याने तेथल्या तेथे सही केली.

"म्हणजे या तळ्यावरचा पहिला पाहुणाच असला निघाला!" मी म्हणालो. नावाडी हसला.

भाच्याची भीड आता चेपली होती. "येथे यंत्राच्या होड्या का नाहीत? किती झपाट्याने फिरता आले असते!"

"आम्ही हेच पाणी पितो," नावाडी म्हणाला.

हे उत्तर चार शब्दांचे होते, पण पुरेसे होते. या नगराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार हे तळेच आहे. डोंगरांच्या कुशीतील अशा तळ्याचे पाणी नदीसारखे वाहून जात नाही. त्यात पडलेली घाण तेथेच साचते. पूर्वी तळाच्या पाण्यातील प्राणवायू इतका कमी झाला होता, की २००७ पासून नळ्यांवाटे खाली हवा सोडावी लागली. ज्या तळ्याला श्वासही उसना द्यावा लागतो, त्यात यंत्राचे तेल कोण सांडू देईल?

तेव्हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आठवले. तो अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहतो. त्याने हौसेने एक लहानशी यंत्रनौका घेतली व ती मोटारीमागे जोडून टाहो सरोवरावर नेली. हे सरोवर कॅलिफोर्निया व नेव्हाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, जवळजवळ नैनितालइतक्याच उंचीवर आहे. खोली मात्र ५०० मीटर! तेथे २००८ पासून बाहेरून येणारी प्रत्येक यंत्रनौका पाण्यात सोडण्यापूर्वी तपासली जाते. याच्या नौकेच्या तळाशी थोडे पाणी साचलेले आढळले. लगेच नौका अडविण्यात आली आणि कढत पाण्याने आतबाहेर धुण्यात आली. त्याला प्रथम फार राग आला. परक्या राज्याचा म्हणून आपल्याला छळतात, असे त्याला वाटले.

कारण वेगळेच होते. क्वाग्गा नावाचा नखाएवढा एक शिंपला आहे. तो मूळचा युक्रेनकडील नद्यांतला. जहाजांबरोबर अमेरिकेत शिरला. २००७ साली तो ॲरिझोनाच्या सीमेवरील मीड सरोवरात सापडला. एक मादी वर्षाला लक्षावधी अंडी घालते, आणि त्यांतून निघणारी पिले डोळ्यांना दिसतही नाहीत. ती ओंजळभर पाण्यातूनही प्रवास करतात. एकदा तळ्यात शिरली, की नळ, पंप, धक्के यांवर शिंपल्यांचे थर चढतात, माशांचे अन्न संपते आणि त्यांना पुरते घालविणे जवळजवळ अशक्य होते. "सर, माझी नौका मीड सरोवरात फिरून आली होती," असे त्याने शेवटी लिहिले होते. "पाहुणा मी एकटाच नव्हतो."

ही हकीकत मी नावाड्याला सांगितली. त्याने वल्ही थांबवून ती लक्षपूर्वक ऐकली. "ठीक करतात," एवढेच तो म्हणाला.

ऊन चढले होते. घाट जवळ आला. होडी बांधून होईपर्यंत आमच्यापैकी कोणी जागचे हलले नाही, हे सांगावयास नकोच. उतरताना मी त्याला म्हटले, "कधी आमच्याकडे या. आमच्या कोकणात समुद्र आहे. तुमच्यासारख्याला तेथे मौज वाटेल."

"समुद्र पाहिला आहे," तो म्हणाला. "मुलाकडे मुंबईला गेलो होतो. त्याने बंदरावर नेले आणि लाँचमध्ये बसविले. चाळीस वर्षे वल्ही मारली मास्टरजी, पण त्या लाटा पाहून पोटात गोळा आला."

"मग काय केलेत?" भाच्याने विचारले.

"काय करणार? तेथल्या तांडेलाकडे गेलो, हात जोडले आणि विचारले, 'भाऊ, मी कोठे बसू?'"