गरम टायरची हवा काढू नका

मे महिना, वर्ध्यात पारा ४५ च्या वर. भर दुपारी नागपूरहून परतताना हवा तपासायला थांबलो. दुसऱ्या दिवशी सहकुटुंब शिर्डीला निघायचं होतं. पंक्चरवाल्या पोरानं गेज लावला. "काका, ३२ पायजे, इथं तं ३८ हाये. काढू का?" उन्हाळ्यात टायर फुटतात, एवढंच डोक्यात. म्हटलं, "काढ." चारही चाकं ३२ वर आणली आणि निर्धास्त झोपलो.

पहाटे येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलो. विरूळ मागे पडलं आणि गाडी डावीकडे ओढू लागली, जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहतो तर पुढच्या डाव्या, सगळ्यात जुन्या टायरच्या बगलेला फुगवटा. हात लावला तर चटका बसला.

चूक पोराची नव्हे, माझी. पहाटे ३० अंशांना ३२ असलेला दाब, आतली हवा ६५ अंशांवर गेली की ३७ च्या पुढे चढतो. टायर बनवणाऱ्यानं ही वाढ धरलेलीच असते. मी ती काढून टाकली. रात्रीतून टायर निवला आणि आत उरले जेमतेम २७. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बगलेत दुमडतो, त्यानंच तापतो आणि शेवटी फुटतो.

जुन्या रस्त्यानं पुलगावला चहा व्हायचा, तेवढ्यात टायरही थोडे निवायचे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि तो चहा सुटला.

गरम हवेत गार हवा भरली की दाब उतरतो, हाही भ्रमच. भरली की दाब वाढतोच. सारख्या दाबाची गरम-गार हवा मिसळली तर त्या क्षणी दाब तितकाच राहतो; उतरतो तो सगळी निवल्यावर. नायट्रोजनलाही हाच नियम.

म्हणून एवढं करा:

• हवा पहाटे तपासा, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर.
• आकडा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा घ्या. माणसं-सामान भरलेलं असेल तर भरलेल्या गाडीचा. टायरवर छापलेली असते ती कमाल मर्यादा.
• तापलेल्या टायरमध्ये चार-पाच जास्त दिसले तर हात लावू नका. तापूनही ३२ च दिसले, तर हवा कमी आहे; भरा आणि सकाळी पुन्हा बघा.
• स्टेपनी विसरू नका. त्या दिवशी माझ्या स्टेपनीत हवा होती, म्हणून शिर्डी गाठली.