धाप लागली, पण छाती साफ होती

माझ्या धापेवर मी दुपारपासून रात्रीपर्यंत चुकीचा इलाज केला. तुमच्या घरी कोणाला तशीच धाप लागली, तर तसा वेळ वाया जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

मे महिना होता. उमरखेडला नात्यातलं लग्न होतं. आमच्या पुसदकडचं मे महिन्यातलं ऊन सांगायला नको. डोक्याला दुपट्टा बांधूनही अंग भाजून निघतं. पंगतीत जेवून परतलो आणि रात्रीपासून जुलाब सुरू झाले. मला दहा वर्षांपासून बीपीची गोळी आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही दिवसातून दोनदा चालू होती. जुलाबाच्या दोन्ही दिवशी या गोळ्या मी इमानाने घेतल्या. पाणी मात्र पोटात ठरत नाही म्हणून घोट-घोटच प्यायलो. लघवी थोडी आणि गडद होऊ लागली. म्हटलं, उन्हाळी लागली असेल. सब्जा भिजवून प्यायलो आणि विषय सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. सुटलो असं वाटलं, तोच दुपारी बसल्या जागी धाप लागली. खोकला नाही, घरघर नाही, ताप नाही. पण श्वास खोल आणि भरभर, जणू नांगरटीतून पळत आलो आहे. मुलाने वाफ दिली. शेजारच्या दमेकऱ्याचा पंप मागून आणला, तो मी दोनदा ओढला. भेटायला आलेल्यांनी शहाळी आणली, तीही प्यायलो. रात्री मळमळ आणि गुंगी आली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

तिथे सगळे दम्याचंच बोलत होते. माझी पत्नी मध्येच म्हणाली, "डॉक्टर, यायले दमा नाही. कालपासून लघवीच झाली नाही यायले."

डॉक्टरांनी पुन्हा छाती तपासली. साफ होती. श्वास मोजले, मिनिटाला ३२ भरले. ते मुलाला म्हणाले, "फुफ्फुसं ठीक आहेत. ती किडनीच्या वाटचं काम ओढताहेत. वेळ घालवू नका, नांदेडला न्या."

नांदेडला रक्त तपासलं. क्रिएटिनिन ६.२, पोटॅशियम ६.१, रक्ताचा पीएच ७.२४. दोनदा डायलिसिस झालं. सहा आठवड्यांनी किडनी बऱ्यापैकी सावरली. हे सगळ्यांच्याच नशिबी नसतं, हे मी त्या वॉर्डात पाहिलं.

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. आपलं रक्त किंचित अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. हा आकडा ०.३ ने जरी घसरला, तरी रक्तातलं आम्ल दुप्पट झालेलं असतं. अन्न जळतं तसं अंगात आम्ल रोज तयार होतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात. पण डाळ-मांसातल्या प्रथिनांपासून होणारी आम्लं हवेत उडून जात नाहीत. ती लघवीतूनच जातात. किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, दीड-दोन लिटर लघवी करतात आणि बाकीचं पाणी, क्षार व आम्ल मारणारा बायकार्बोनेट रक्ताला परत देतात.

फुफ्फुसं आणि किडन्या म्हणजे एका जुवाचे दोन बैल. एक बसला की दुसरा ओढतो. रक्त आम्ल झालं की काही मिनिटांतच श्वास वाढतो आणि कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. जुन्या दम्यात किंवा विडीने खराब झालेल्या फुफ्फुसांत उलटं होतं: तिथे किडनी बायकार्बोनेट साठवून तोल सांभाळते, पण तिला त्यासाठी काही दिवस लागतात. माझ्या बाबतीत जुलाबांनी पाणी आणि बायकार्बोनेट दोन्ही नेलं, दुखण्याच्या गोळीने किडनीचा रक्तपुरवठा आणखी आखडला आणि ती बसली. धाप हा आजार नव्हता. ती फुफ्फुसांची धडपड होती, आणि मी तिलाच आजार समजलो.

म्हणून कळकळीने सांगतो.

जुलाब सुरू होताच ओआरएस घ्या. लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पेल्यात थोडी-थोडी पूड टाकू नका. त्यातलं सायट्रेट रक्तातलं आम्ल आवरायलाही मदत करतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाने पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

जुलाब-उलटीत दुखण्याची गोळी घेऊ नका. बीपीची आणि साखरेची गोळी मनाने बंदही करू नका आणि रेटूही नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

लघवीवर लक्ष ठेवा. बारा तास झाली नाही, तर ती उन्हाळी समजून घरी बसू नका. अशा वेळी शहाळंही नको. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बंद पडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आम्ल मारायला खाण्याचा सोडाही घरी घेऊ नका.

श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे बारा ते वीस भरतात. पंचविसाच्या वर गेले तर दवाखाना. साखरेच्या रुग्णाला अशी खोल धाप लागली, तर रक्तातली साखर त्याच घटकेला तपासा. तिथेही रक्त आम्ल झालेलं असू शकतं. आणि बीपी-साखर असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत.

दवाखान्यात पोहोचल्यावर नुसतं "धाप लागली" म्हणू नका. खोकला आहे की नाही, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि शेवटची लघवी कधी झाली, हे न विचारता सांगा. माझ्या वतीने ते पत्नीने सांगितलं, म्हणून आज हे लिहायला मी आहे.