वीज वाचली आणि डिकीत जळाली

"जुनी गाडी आहे काका, एवढं तर होणारच." हे वाक्य दुकानदाराच्या तोंडून निघालं, की गाडी घेऊन सरळ बाहेर पडा. मला ते ऐकवलं गेलं तेव्हा पैसे देऊन झाले होते.

आमची फियाट ११०० डिलाइट १९६८ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. हेडलाइटला ४५/४० वॉटचे बल्ब. सिग्नलला थांबलं की डायनॅमो मान टाकतो आणि उजेड पिवळा पडतो. म्हणून एलईडी. कमी विजेत दिवे चालवायचा हा विचार तेव्हाही बरोबर होता, आजही आहे. दुकानात मी स्वच्छ सांगितलं होतं, की वायरिंग जुनं आहे, आधी अर्थ तपासा आणि काही कापू नका. उत्तर आलं, "टेन्शन घेऊ नका, प्लग अँड प्ले आहे." नंतर बघतो तर होल्डर कापलेले, वायरींना पीळ मारून वर चिकटपट्टी.

दुकानासमोरच्या भिंतीवर दिवे झकास दिसले. कात्रजच्या घाटात मात्र समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारत होता, आणि मी डिपरवरच होतो! शिवाय माझ्यापुढचा डांबराचा पट्टा आणि कडेचा कठडा अंधारात. सगळा उजेड झाडांच्या शेंड्यांवर. कारण साधं आहे. जुन्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू देत नाही, म्हणून उजेड वर उडत नाही. तार कुठे असेल हे धरूनच रिफ्लेक्टरचा आकार ठरलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेपासून जरा जरी सरकली, तरी सगळं गणित फिसकटतं. हे मला माहीत नसलं तर चालेल, दिवे विकणाऱ्याला माहीत नको?

इंडिकेटरची तऱ्हा वेगळीच. ते लुकलुकायचे नाहीत, नुसते पेटून राहायचे. जुना फ्लॅशर त्यातून जाणाऱ्या करंटने तापतो आणि त्या तापण्यावरच त्याची टिकटिक चालते. २१ वॉटचे दोन बल्ब काढून एलईडी लावले, की तो तापतच नाही. गाडी परत नेली. साहेबांनी अर्ध्या तासात 'फॉल्ट काढला' आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

फॉल्ट कसा काढला ते डिकीतल्या वासावरून कळलं. मागच्या दिव्याजवळचं अस्तर सरकवलं, तर फ्लॅशर तापावा म्हणून जोडलेला सोनेरी रंगाचा बोटाएवढा रेझिस्टर जुन्या वायरींच्या जुडग्यालाच प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला. हात लावला तर चटका बसला. वायरींवरचं कापड तपकिरी झालेलं, अस्तराला डाग. रेझिस्टरवर लिहिलेलं होतं, ६ ओहम. म्हणजे १२ व्होल्टला २ अँपिअर, २४ वॉटची उष्णता. डायनॅमो चार्जिंग करत असताना त्याहून जास्त. साध्या बल्बने खाल्ली असती त्याहून अधिक वीज तो रेझिस्टर खात होता! वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज पेट्रोलच्या गाडीत, कापडाशेजारी जाळायची.

हे दाखवायला गेलो तर गृहस्थ मोबाइलमधून मान वर काढेनात. मग म्हणाले, "तुम्ही इंडिकेटर जास्त वेळ चालू ठेवला असेल." इंडिकेटर किती वेळ चालू ठेवायचा याची वेळमर्यादा असते, हे मला नवीनच कळलं. पैसे परत मिळाले नाहीत, ते सांगायला नकोच.

पुढे मुंबईच्या टॅक्सींवर हात बसलेल्या एका इलेक्ट्रिशियनने सगळं उपसून नीट केलं. त्याच्याकडून शिकलो ते देतो.

हेडलाइटचे जुने बल्ब आधी बदलूच नका. फियाटमध्ये त्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच व्होल्टेज पडतं. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि दोन रिले टाकले, की तेच बल्ब पांढरे पेटतात. आमच्या गाडीत आज तेच आहेत आणि समोरचा कोणी अप्पर मारत नाही.

अर्थ बघा. जुन्या गाडीत दिव्याचा अर्थ पत्र्यातूनच मिळतो आणि पत्रा गंजलेला असतो. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर घ्या.

पार्किंग, टेल, ब्रेकला एलईडी जरूर लावा. पण लाल काचेमागे लाल, पिवळ्यामागे पिवळा. लाल काचेमागे पांढरा लावला तर उजेड गुलाबट आणि फिका पडतो. टेल आणि ब्रेकच्या उजेडात ठळक फरक हवा. स्वस्त बल्बांत तो जवळजवळ नसतो. भर दुपारी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून बघा.

इंडिकेटरसाठी रेझिस्टर नको, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. आणि अल्टरनेटर असेल तर चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका. त्या छोट्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवर बऱ्याच अल्टरनेटरचं चार्जिंग सुरू होतं. तिथे एलईडी लावून बॅटरी उतरली, की दोष पुन्हा जुन्या गाडीलाच.

काहीही कापू देऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. जो बदल उद्या काढता येईल, तेवढाच करा. काढलेले होल्डर आणि फ्लॅशर तिथल्या तिथे ताब्यात घ्या. माझे 'भंगारात गेले' म्हणे.

बाकी चांगला माणूस शोधा, पावती घ्या, हे सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की पैसे देण्याआधी अंधाऱ्या रस्त्यावर गाडी चालवून बघा. दुकानदार सोबत यायला तयार नसेल, तर काम झालेलं नाही असं समजा.