नऊ मैलांचा कारखाना गेला कुठे?

प्रश्न : इंग्लंडहून स्कॉटलंडला जाताना आमची बस ग्रेटना ग्रीनला थांबली. पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं लावणारं लोहाराचं दुकान पाहिलं. गाईड म्हणाला की, पहिल्या महायुद्धात याच भागात दारूगोळ्याचा प्रचंड कारखाना होता आणि त्यात बहुतेक बायका काम करत होत्या. आम्हाला तर चहूकडे कुरणं आणि मेंढ्याच दिसल्या. एवढा मोठा कारखाना नेमका तिथेच का काढला, त्यात काय बनत होतं आणि तो गेला कुठे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची बस थांबली तिथून थोड्याच अंतरावर हा कारखाना सुरू होत होता. नाव होतं ‘एच. एम. फॅक्टरी, ग्रेटना’. इंग्लंडमधल्या लाँगटाउनजवळच्या मॉसबँडपासून सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमधल्या ईस्टरिग्ज आणि डॉर्नॉकपर्यंत, सुमारे नऊ मैल तो पसरला होता. एका आवारातला कारखाना असं त्याचं चित्र मनात आणू नका. लांबवर विखुरलेल्या शेडी, त्यांच्यामध्ये मातीचे उंच बांध आणि सगळ्यांना जोडणारे रेल्वेचे रूळ, असं ते काम होतं. एक शेड उडाली तरी शेजारची वाचावी, म्हणून एवढी जागा घेतलेली.

तो का काढावा लागला, याचं उत्तर फ्रान्समधल्या खंदकांत आहे, आणि तिथे आपली माणसंही होती. मार्च १९१५ मध्ये नव शापेलच्या लढाईत हल्ला करणाऱ्या फौजेत जवळपास निम्मे भारतीय सैनिक होते. सुरुवातीचा मारा जोरदार झाला, पण पुढे तोफांना गोळे पुरेनात. मे महिन्यात ऑबर रिजला तेच झालं. ‘द टाइम्स’ने तोफगोळ्यांच्या टंचाईची बातमी छापली आणि लंडनमध्ये राजकीय वादळ उठलं. संमिश्र सरकार आलं, दारूगोळ्यासाठी वेगळं खातं निघालं आणि ते लॉइड जॉर्ज यांच्याकडे गेलं. ग्रेटना हे त्या खात्याचं सर्वांत मोठं काम. खर्च आला सुमारे ९० लाख पौंड, त्या काळचे.

जागा निवडण्यामागे साधा हिशेब होता. हा पश्चिमेकडचा भाग जर्मन हवाई जहाजांना लांब पडत होता. वस्ती विरळ होती, एस्क नदीचं पाणी होतं आणि कार्लाइलचं मोठं रेल्वे जंक्शन हाताशी होतं. आखणी केली केनेथ क्विनन या अमेरिकन रसायन अभियंत्याने. दक्षिण आफ्रिकेतल्या स्फोटकांच्या कारखान्याचा दांडगा अनुभव त्याच्या गाठीशी होता. १९१५ च्या अखेरीस बांधकाम सुरू झालं आणि १९१६ मध्ये माल बाहेर पडू लागला. हा वेग आजही थक्क करतो.

आता माल कोणता? तोफेला दोन तऱ्हेची दारू लागते. एक गोळ्याच्या पोटात असते, ती गोळा पडल्यावर फुटते. दुसरी गोळ्याच्या मागे असते, ती जळून गोळ्याला नळीबाहेर ढकलते. ग्रेटनाला ही दुसरी दारू, म्हणजे कॉर्डाइट बनत होतं. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं. काळ्या दारूसारखा धुराचा लोट त्यातून उठत नाही, त्यामुळे तोफ कुठे आहे ते शत्रूला चटकन कळत नाही.

ते करण्याची रीत जरा तपशिलात सांगतो, कारण कारखान्याचा सगळा जीव त्या रीतीत आहे. गिरणीतला टाकाऊ कापूस स्वच्छ करून, पिंजून, वाळवून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवायचा. दिसायला तो कापूसच राहतो, पण त्याचं गनकॉटन झालेलं असतं. मग आम्लाचा अंश उरू नये म्हणून ते पुन्हा पुन्हा उकळायचं आणि धुवायचं. दुसरीकडे थंड ठेवलेल्या आम्लात ग्लिसरीन हळूहळू सोडून नायट्रोग्लिसरीन करायचं. हे काम करणाऱ्याची नजर थर्मामीटरवरून हलून चालत नसे. पारा ठरावीक अंशाच्या वर चढला की सगळा घाणा खालच्या पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचा. पाऊण इंचाचा पारा आणि माणसाचं अवधान, एवढ्यावर सगळं तोललेलं.

यानंतरचं काम मुलींचं. मोठ्या भांड्यांत गनकॉटनवर नायट्रोग्लिसरीन ओतून ते हातांनी कालवायचं. १९१६ मध्ये शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल तिथे गेला, तेव्हा त्याने हे मिश्रण पाहून त्याला सैतानाची लापशी, ‘डेव्हिल्स पॉरिज’, म्हटलं. हसतमुखाने ते कालवणाऱ्या मुली पाहून तो हादरला होता, आणि त्याचं हादरणं योग्यच होतं. पुढे मॉसबँडला त्यात ईथर, अल्कोहोल आणि व्हॅसलीनसारखी खनिज जेली घालून मळायचं आणि दाबयंत्रातून, सोऱ्यातून शेव पाडावी तशा त्याच्या दोऱ्या पाडायच्या. पूर्वी ईथरच्या जागी ॲसिटोन लागत असे. त्याचा तुटवडा पडल्यामुळे शास्त्रज्ञांनी ही नवी कृती बसवली.

१९१७ मध्ये तिथे ११,५७६ बायका आणि ५,०६६ पुरुष कामाला होते. आठवड्याला सुमारे ८०० टन कॉर्डाइट निघत होतं. ब्रिटनमधले बाकीचे सगळे कारखाने मिळूनही एवढं काढत नव्हते.

कामावर जाताना झडती होई. काडेपेटी तर नाहीच, पण केसांतला आकडा, धातूचं बटण, अंगठी असलं काहीही आत चालत नसे. कपडे बदलायचे, केस टोपीत बांधायचे आणि आतली पादत्राणं वेगळी ठेवायची, कारण बाहेरच्या बुटाला चिकटून आलेला वाळूचा एक खडाही घासला तर ठिणगी. रुळांवर धावणारी काही इंजिनंही बिनआगीची होती : बाहेरच्या बॉयलरमधून वाफ भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत चालायचं. त्यातलं ‘सर जेम्स’ नावाचं इंजिन ईस्टरिग्जच्या ‘डेव्हिल्स पॉरिज म्युझियम’मध्ये ठेवलेलं आहे.

शरीरावर होणारे हाल वेगळेच. नायट्रोग्लिसरीन कातडीतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं फुटेल असं दुखू लागतं. (छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला देतात त्या गोळीत हेच द्रव्य अगदी अल्प प्रमाणात असतं.) ईथरच्या वाफेने मुलींना भोवळ येई, आम्लाच्या वाफेने दात खराब होत. अंग पिवळं पडलेल्या बायकांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, पण त्या गोळ्यांच्या पोटात टीएनटी भरणाऱ्या कारखान्यांतल्या. ग्रेटनाच्या नावावर त्या खपवू नयेत. इथेही अपघातांत जीव गेले. मात्र नॉटिंगहॅमजवळच्या चिलवेलला १ जुलै १९१८ रोजी एका स्फोटात १३४ माणसं गेली, तसा संहार इथे घडला नाही. ते मोकळ्या मांडणीचं आणि त्या काटेकोर झडतीचं श्रेय आहे.

बांधकामाला आलेले हजारो मजूर, बरेचसे आयरिश, पगार हातात पडला की कार्लाइलच्या दारूच्या गुत्त्यांत गर्दी करत. सरकारने १९१६ मध्ये त्या भागातले गुत्ते आणि दारूच्या भट्ट्याच ताब्यात घेतल्या. युद्धापुरता केलेला हा बंदोबस्त १९७० च्या दशकापर्यंत चालू राहिला.

कामगारांसाठी ग्रेटना आणि ईस्टरिग्ज ही दोन गावं वसवली. सुरुवातीला लाकडी झोपड्या आणि वसतिगृहं, मग विटांची टुमदार घरं. आखणी रेमंड अनविन यांची. उद्यान-नगरांची कल्पना ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात आणणारे हेच. ईस्टरिग्जच्या रस्त्यांना साम्राज्यातल्या शहरांची नावं दिली, त्यामुळे तिथे आजही एक दिल्ली रोड आहे.

म्हणजे कारखाना सगळा गेलेला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबलं आणि कॉर्डाइटची गरजच संपली. यंत्रं मोडीत गेली, १९२० च्या दशकात जमिनी आणि घरं लिलावात विकली गेली, शेतं पुन्हा शेतं झाली. मॉसबँडच्या बाजूला मात्र पुढे लाँगटाउनचा लष्करी दारूगोळा डेपो उभा राहिला. विटांच्या घरांत लोक राहतात. तुम्ही पाहिलेल्या कुरणांत नीट बघितलं असतं, तर काही ठिकाणी काँक्रीटचे तुकडे आणि मातीचे बांधही दिसले असते.

आणि त्या बायका? तुम्ही हे विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरकाम, मोलमजुरी, दुकानं सोडून त्या ब्रिटनभरातून आल्या होत्या. पुरुषांपेक्षा कमी पगारावर त्यांनी ही जोखीम घेतली. युद्धसेवेचा एक त्रिकोणी बिल्ला त्यांना मिळत असे, आघाडीवरच्या सैनिकांसारखं पदक नाही. युद्ध संपताच त्यांना घरी पाठवलं. फेब्रुवारी १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांना मताचा अधिकार देणारा कायदा झाला, त्यावरच्या चर्चेत स्त्रियांच्या युद्धकाळातल्या कामाचा मोठा गौरव झाला. पण अधिकार मिळाला तो तिशी ओलांडलेल्या आणि घरमालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. ग्रेटनाला गनकॉटन कालवणाऱ्या मुली बहुतेक त्याहून लहान होत्या. वयाची पुरुषांइतकीच अट ठेवणारा कायदा यायला १९२८ साल उजाडलं.