मानेची कमान

मनुष्याच्या मानेत सात मणके असतात. जिराफाची मान केवढी लांब. पण तिच्यातही मणके सातच! हे मणके काठीसारखे सरळ नसून पुढच्या बाजूस त्यांची किंचित कमान असते. तान्हे मूल मान धरू लागले, म्हणजे ती अधिक स्पष्ट होते.

१८९५ साली अमेरिकेतील डॅव्हेनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी मणक्यांवर हातांनी दाब देऊन उपचार करण्याची ‘कायरोप्रॅक्टिक’ पद्धती सुरू केली. त्याच वर्षी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९१० मध्ये पामर यांच्या पुत्राने क्ष-किरणयंत्र आपल्या विद्यालयात आणले. दृष्टीआड असलेली कमान चित्रात दिसू लागली. मग काय विचारता! कमान थोडी सरळ आढळली, की कित्येक उपचारक तिलाच रोग समजू लागले. वस्तुतः ज्यांची मान कधीच दुखत नाही, अशा अनेकांची कमानही सरळ असते.

शिवाय क्ष-किरणांनी शरीरातील पेशींना इजा पोहोचू शकते, आणि वाढत्या वयातील मुलांना तो धोका अधिक. म्हणून हाड मोडल्याचा किंवा गंभीर आजाराचा संशय नसेल, तर डॉक्टर मानेचे चित्र सहसा काढवीत नाहीत. ते प्रथम बोटांनी मान चाचपतात, ती वळवावयास सांगतात आणि हातांतील जोर पाहतात.